पहारेकऱ्यांना झोपवणाऱ्या गोळ्या

बाबा, तुम्ही जाऊन पुष्कळ वर्षं झाली. आज नातीच्या पुस्तकात 'पांढऱ्या रक्तपेशी शरीराचे रक्षण करतात' हे वाक्य दिसलं आणि मला तुमचाच राग आला. हिंगोलीच्या शाळेत हेच वाक्य तुम्ही जन्मभर फळ्यावर लिहिलंत. मी उत्तरात 'बहुधा रक्षण करतात' असं लिहिलं, तर स्वतःच्या लेकीला वर्गासमोर उभं करून पट्टी मारलीत. "शास्त्रात बहुधा नसतं," म्हणालात.

चौऱ्याहत्तर साली तुमची कावीळ जाऊन जाऊन परत येत होती. पोट फुगलेलं, राखुंडीनं दात घासले की हिरड्यांतून रक्त. मी तुम्हाला माझ्या घरी आणलं, डॉक्टरकडं नेलं. तो तुमचाच विद्यार्थी. कागद बघून त्यानं समजावलं की तुमच्या पांढऱ्या पेशीच तुमच्या यकृतावर उठल्यात. रोजचा मार, रोजची जखम, आणि वणांवर वण चढून यकृत पार दगड झालंय. त्यातून रक्ताला वाट मिळेना म्हणून पाणथरी, म्हणजे प्लीहा, सुजली, आणि रक्त गोठवणाऱ्या कणिका ती स्वतःतच अडकवून बसली.

"गुरुजी, पहारेकरीच घर पाडून राहिलेत," तो म्हणाला. "या गोळ्यांनी त्यांना जरा झोपवू."

"पहारेकऱ्याला झोपवतो? काहून, चोराला किल्लीबी देतो का? सहामाहीत नापास झाला होतास तू."

"व्हय गुरुजी. शिकवायला तुमीच होते."

तो हसला. तुम्ही नाही हसलात.

रोज सकाळी मी हातावर गोळी ठेवायची, तुम्ही तोंडाकडं न्यायचात. आठवड्यानं तुमची खडूची डबी पुसायला घेतली, तर तुकड्यांत सगळ्या गोळ्या. मी डबी होती तशी परत ठेवली. मग एके दिवशी तुम्ही कोणाला न सांगता कनेरगाव नाक्याच्या बाजूच्या एका माणसाकडं जाऊन पाणथरीवर तापल्या विळ्याचा डाग घेऊन आलात. मी सोमवारी औंढ्याहून नागनाथाचं तीर्थ आणलं की 'जंतू असतात त्यात' म्हणणारे तुम्ही, त्या माणसापुढं सदरा वर करून निजलात. विचारलं तर म्हणे, "तो पेशींना तर हात लावत न्हाई ना." इतकं अडाणी बोलणं मी पाणवठ्यावरही ऐकलं नव्हतं. डागाची जखम चिघळली, तिचं रक्त थांबेना. मग एका दुपारी रक्ताची उलटी झाली आणि संपलं. विद्वान माणूस गेला, असं लोक म्हणत होते. मी पदर तोंडाला लावून बसले होते. रडत नव्हते, तो शब्द मला गिळवत नव्हता.

एका वाक्यासाठी जीव दिलात. तेही मुलांच्या पुस्तकातलं.

हे पत्र मी देवघरात पोथीखाली ठेवणार आहे. पण तिथं खोटं ठेवता येत नाही, म्हणून एवढं लिहिते. डाग घ्यायच्या आधी, डबी सापडल्यावर, आपण पुन्हा दाखवायला गेलो होतो. डॉक्टरनं मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, गोळ्या बराबर घेतात ना?" तुम्ही दारात कोटाची बटणं लावत उभे होतात, मान ताठ, फळ्यापुढं उभं राहायचात तसे. विद्यार्थ्यापुढं तुमची मान खाली जाईल, एवढंच माझ्या मनात आलं.

"घेतात," मी म्हणाले.

बहुधा घेतात, एवढंसुद्धा म्हणाले नाही.