उकव्याचं रेल्वे स्टेशन

बालाघाट, मंगळवार, १४ ऑगस्ट २००७

रश्मीनं सायबर कॅफेतून खाणीतल्या नोकरीच्या वेबसाइटचा कागद छापून आणला. मुलाखत उकव्याले, रेल्वे स्टेशनसमोर. ओरिजिनल मार्कशीट आणा, म्हणे. पोरगी इतकी खुश, की मीही पेढे आणायचं बोलून गेली.

भाजी चिरताना खटकलं. उकव्याले कोणतं रेल्वे स्टेशन? तीन वर्षं तिथल्या शाळेत शिकवलं मी, रोज बसनं जाऊन; रेल्वे तिथं जातच नाही. अन् ओरिजिनलच काहून पाहिजे, झेरॉक्स काहून नाही?

रश्मी म्हणे, "आई, टायपिंगची चूक असंल. तुले तर सगळ्यावरच शक येते."

"मग फोन करून विचार, कसं यायचं."

तिनं माझ्यासमोरच कागदावरचा नंबर लावला. पलीकडचा माणूस अगदी गोड बोलला, "स्टेशन पर उतरते ही फोन कीजिए, गाड़ी भेज देंगे।"

रश्मीनं फोन ठेवला अन् मार्कशीट आणून माझ्या हाती दिली. मार्कशीट मी कपाटात ठेवून कुलूप लावलं. तिले रागावली नाही. कोणत्या तोंडानं रागावू? भाजी चिरायले बसायच्या आधी, उकव्याची गाडी किती वाजता ते पाहायले शेजारच्या काकांकडून रेल्वेचं टाइमटेबल मीच मागून आणलं होतं.