‘छंद’ या खणातील नोंद हलवण्याबाबत

मी, खाली सही करणारी, वयाने सत्तरी ओलांडलेली, अविवाहित, धंदा एका सर्च इंजिनची मालकी (धंदा अजून चालू आहे, कोणी काहीही म्हणो), पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली न येता आणि कोणत्याही औषधाच्या अमलाखाली नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवते. औषधाचा उल्लेख वकीलबाईंना खोडायचा होता, कारण रक्तदाबाची गोळी मी त्यांच्यासमोरच घेतली. त्या गोळीचा या मजकुराशी संबंध नाही. यापूर्वीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात माझ्या धाकट्या भावाचे नाव नव्हते. यात आहे.

कलम १. मिळकतीचे वर्णन. रस्त्याला लागून असलेले वडिलांचे हार्डवेअरचे दुकान, त्यामागची खोली, वरचे राहते घर आणि गळकी गच्ची. दुकान वडिलांबरोबरच बंद झाले. मागच्या खोलीत माझे सर्च इंजिन सुरू झाले आणि पुष्कळ हिंडून पुन्हा तिथेच आले. मधल्या काळात त्याला शहराच्या चांगल्या भागात काचेचे ऑफिस होते. ते भाड्याचे असल्याने त्याची वाटणी करण्याचा प्रश्न येत नाही.

कलम २. कपाट. दुकानाची एक अख्खी भिंत व्यापणारे, खणाखणांचे लाकडी कपाट. प्रत्येक खणावर वडिलांच्या हातची चिठ्ठी आहे. गिऱ्हाईकाने बिजागरी म्हटले की ते मान न वळवता हात घालत आणि बिजागरीच काढत. इंटरनेट आले तेव्हा सगळे जण त्यात हरवत होते. मला त्यात एक कपाट कमी दिसले. ते मी केले. माणसांनी प्रत्येक वेबसाइट वाचायची, ती कशाबद्दल आहे ते ठरवायचे आणि योग्य त्या खणात ठेवायची. आमच्या आधी हे कोणी केले नव्हते. एके काळी जे काही शोधायचे ते आमच्याकडे, असा रिवाज होता, आणि तो मी लावला होता.

कलम ३. बँकेतील शिल्लक, संगणक, चांगली खुर्ची आणि छत्री मी चष्मेवालीला देते. ती माझी पहिली संपादक आणि शेवटचीही. मत्स्यपेटीची वेबसाइट पाळीव प्राण्यांत जाते की फर्निचरमध्ये, यावर तिने त्या वेबसाइटच्या मालकाला फोन करून वाद घातला आणि त्याला रडकुंडीला आणले. अशी माणसे मिळत नाहीत. पुढे वेबसाइटी इतक्या झाल्या की आम्ही एक वाचेपर्यंत दहा उगवत. नवी नोंद खणात जायला आठवडे लागू लागले, मग महिने. त्या काळात मी चष्मेवालीला एकदा रंगेहाथ पकडले. आमच्या खणात ठेवायच्या वेबसाइटी ती माझ्या भावाच्या सर्च इंजिनवर (कलम ५ पाहावे) शोधत होती.

“तिथे पटकन सापडतं, मॅडम,” ती म्हणाली. “पण खण मीच ठरवते.”

मी तिला काढले नाही. तिचे म्हणणे नियमाला धरून होते.

कलम ४. बॅनरवाला. हा आमचा जाहिराती विकणारा. आलेला माणूस पानावरून हलता कामा नये, हे त्याचे ब्रीद होते आणि मलाही ते पटत असे. दुकानात आलेल्याला वडील बसवून घेत. त्यामुळे पानावर हवामान आले, राशिभविष्य आले, खेळांचे निकाल आले आणि सगळ्यांच्या कडेने जाहिरातींच्या चमकत्या चौकटी आल्या. एक दिवस एका गृहस्थांचा फोन आला. “तुमच्याकडे शोधायचं कुठे?” त्यांनी विचारले. बॅनरवाल्याने शांतपणे सांगितले, “उजवीकडे, बुटांच्या खाली.” त्या गृहस्थांनी आभार मानले. पुन्हा ते कधी आले नाहीत. बॅनरवाल्याला माझ्या मिळकतीतून काहीही देऊ नये. हे वाक्य त्याला कळवताना मोठ्या अक्षरात लिहावे आणि भोवती चमकणारी चौकट काढावी.

कलम ५. धाकटा भाऊ. हा सुरुवातीपासून माझ्याबरोबर होता. यंत्रांची बाजू तो पाहत असे. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो काहीतरी दाखवायला घेऊन आला. पडद्यावर पांढरे पान आणि मधोमध शब्द लिहायला एक रकाना.

“बाकीचं पान यायचंय का अजून?” मी विचारले.

“नाही ताई. एवढंच आहे.”

“मग लोक इथे करणार काय?”

“जातील.”

“कुठे?”

“जिथे जायचंय तिथे. लगेच.”

बॅनरवाला हसला. मी हसले नाही, एवढे या ठिकाणी नमूद करते. कोणती वेबसाइट वर आणि कोणती खाली हे वाचल्याशिवाय कसे ठरणार, असे मी विचारले.

“आई डॉक्टर कसा निवडायची?” तो म्हणाला. “दारावरची पाटी वाचून? चार जणांना विचारायची. त्यातही शिंपीणबाईंचं म्हणणं जास्त धरायची, कारण अख्खी गल्ली त्यांना विचारायला यायची. तेच करायचं. कोणत्या पानाकडे किती जण बोट दाखवतात, आणि त्या बोट दाखवणाऱ्यांकडे स्वतः किती जण बोट दाखवतात, तेवढं यंत्राने मोजायचं. कुणी वाचत बसायला नको. आणि पानं वाढली की बोटं दाखवणारेही वाढणार, म्हणजे ते आपोआप सुधारतच जाणार.”

“म्हणजे एवढी माणसं वाचत बसलीत ती उगीचच?”

“तसं नाही गं. पण जग थांबणारे का आपलं वाचून होईपर्यंत?”

मला ते वडिलांच्या कपाटाला उद्देशून बोललेले वाटले. ‘आपण मिळून करू, नाव तुझंच ठेवू,’ असेही तो म्हणाला. मी त्याला सांगितले की रीतसर नोंद करीन. केली. ‘छंद’ या खणात, तिकिटे जमवणे आणि कबुतरे पाळणे यांच्या शेजारी. दुसऱ्या दिवशी तो माझ्या टेबलापाशी आला.

“ताई, हे हलव तिथून.”

“नोंदी वशिल्याने हलत नाहीत,” मी म्हटले.

तो निघून गेला. पुढचे सर्वांना ठाऊक आहे. लोक त्याच्या रिकाम्या पानावर येत, हवे ते सापडले की निघून जात, आणि म्हणून पुन्हा तिथेच येत. आमच्या पानावर त्यांना थांबवून ठेवलेले असे, म्हणून ते येईनासे झाले. त्या दिवशी हाताशी असलेल्या माहितीवरून माझा निर्णय बरोबर होता, आणि माझे ते मत कायम आहे. तेव्हापासून तो या घरात आला नाही. मीही बोलावले नाही. आमच्या दोघांत अबोला धरायला मी पटाईत, असे आई म्हणत असे, पण तिने त्याला अबोला धरताना पाहिले नव्हते.

कलम ६. या मृत्युपत्रासाठी दुकानाचे जुने कागद लागणार होते. मी दुकानाचे नाव प्रथम माझ्या सर्च इंजिनवर टाकले. ते ‘बंद झालेली दुकाने’ या खणात, मी ठेवले होते तिथेच, सापडले. नंतर केवळ पडताळणीसाठी त्याच्या सर्च इंजिनवर टाकले. सर्वांत वर एक पान आले. त्यावर कपाटाचा फोटो आहे आणि कपाटापुढे वडील उभे आहेत. खाली लिहिले आहे: ‘माझ्या वडिलांचं दुकान. कपाट आता ताईकडे आहे. ती सगळं जागच्या जागी ठेवते.’ त्या पानावरून बाहेर जाणारी लिंक एकच आहे. ती माझ्याकडे येते. चालू आहे का ते मी तपासले. चालू आहे.

ज्या पानाकडे पुष्कळ जण बोट दाखवतात, त्याने एकाकडेच बोट दाखवले तर त्याचे वजन किती, हे भावाने मला त्या दुपारी समजावून सांगितले होते. मी लक्ष देत नाही असे त्याला वाटले होते. मी देत होते. ते पान पाहून मला फार बरे वाटले आणि नंतर फार वाईट. असे मृत्युपत्रात चालते का, असे मी वकीलबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, “चालतं. लिहा.”

कलम ७. सबब, त्याच्या सर्च इंजिनची नोंद ‘छंद’मधून काढून ‘शोध’ या खणात माझ्या नोंदीशेजारी ठेवावी. वर नव्हे, शेजारी. हे काम चष्मेवालीने करावे. तिचा आक्षेप असल्यास तो ऐकून घ्यावा.

कलम ८. दुकान, मागची खोली, वरचे घर, गच्ची आणि कपाट मी धाकट्या भावाला देते. घराची चावी कपाटाच्या एका खणात आहे. शाळेतून आल्यावर घरात कोणी नसले तर वडील ज्या खणातून ती आम्हाला काढून देत, त्याच खणात. कोणता, ते मी येथे लिहीत नाही. वकीलबाईंनाही सांगितलेले नाही. हे इंटरनेटवर कुठेही नाही, मी पाहिले.

कलम ९. तो खण त्याला आठवेल अशी माझी खात्री आहे. न आठवल्यास ते सांगू शकणारी व्यक्ती जगात एकच आहे, आणि तिला विचारायचे तर ती असेपर्यंतच विचारायला हवे. म्हणून या मृत्युपत्राची एक प्रत त्याला आजच पाठवावी. मृत्युपत्र मृत्यूनंतर वाचायचे असते, हे वकीलबाईंनी मला दोनदा सांगितले. प्रत आजच पाठवावी.

वरील मजकूर मी स्वतः वाचला, मला तो समजला, आणि त्यातला एकही शब्द हलवायचा नाही, म्हणून दोन साक्षीदारांसमक्ष सही करते.

सही: (स्वहस्ते)

साक्षीदार पहिला: समोरच्या दवाखान्यातील दातांचे डॉक्टर. मजकूर न वाचता, फक्त सही होताना पाहिली.

साक्षीदार दुसरी: चुलतबहीण. मजकूर वाचला. प्रत मी स्वतः नेऊन देते.

दिनांक: शिक्क्यावर आहे तो.

स्थळ: दुकानामागची खोली. दार दिवसभर उघडेच असते.