मान हलवली ती संमती नव्हे

मी, तानाबाई केरबा पोवार, वय ६७, धंदा शिवणकाम, राहणार उचगाव, ता. करवीर, जि. कोल्हापूर, माझ्यामागे वाद राहू नयेत म्हणून हे मृत्युपत्र करून ठेवते. मी जन्मापासून बहिरी आहे. लोक मुकी म्हणतात, पण मला बोलायचे खूप असते आणि मी ते हातांनी बोलते. बुद्धी शाबूत आहे, डोळे चष्म्यासह चांगले आहेत. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. "मला वाचून दाखवले व मी मान्य केले" अशी ओळ वकिलांनी सवयीने घातली होती, ती मी खोडायला लावली. मजकूर मी स्वतः, अडत अडत का होईना, वाचला आहे. कायद्याचे शब्द वकिलांचे, बाकीचे बोलणे माझे.

१. माझे पती कै. केरबा हेही बहिरे होते. ते फौंड्रीत ओतकामासाठी लाकडाचे पॅटर्न, म्हणजे नमुने, करायचे. आम्हाला एकच मुलगा, कृष्णात. त्याला ऐकू येते. तो दीड वर्षाचा झाला तसे माझे दीर बाळासो त्याला मुरगूडला घेऊन गेले. बहिऱ्या आईबापाजवळ राहिले तर पोर बोलायला शिकायचे नाही, असे घरातल्या थोरांनी ठरवले. आमच्यासारख्यांच्या घरात असे होतच आले आहे. मला कोणी विचारले नाही. दीर-जावेने त्याला पोटच्या पोरासारखे वाढवले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तो सुट्टीला यायचा तेव्हा जेव, झोप, अंघोळ कर, एवढ्याच खुणा त्याला यायच्या. त्या संपल्या की आम्ही दोघे एकमेकांकडे बघत बसायचो.

२. उचगाव येथील दोन खोल्यांचे घर व मागची पत्र्याची शेड कृष्णातला द्यावी. यास कोणतीही अट नाही. विकायचे तर खुशाल विकावे. शेडचा पत्रा गळतो, हे घेणाऱ्याला आधी सांगावे.

३. माझी सोन्याच्या पुतळ्यांची माळ सुनेला, वर्षाराणीला द्यावी. माझ्याशी बोलताना ती ओठ खूप ताणून हलवते. तिची माया खरी आहे. शिवणाचे मशीन तिला नको असेल, तर गरजू बाईला द्यावे.

४. केरबांचे रंधे, पटाश्या व मोजमापाची पट्टी बिद्रीचे गणपतराव खाडे यांना द्यावी. ते आमच्याच बहिऱ्यांच्या शाळेतले आणि केरबांचे जिवलग. केरबांच्या शोकसभेत ते माझ्या शेजारी बसले होते. त्या सभेबद्दल मला इथे सविस्तर लिहायचे आहे.

केरबा गेले त्यानंतर तेराव्याच्या आधी, मार्च २०२२ मध्ये, गावातल्या हॉलमध्ये शोकसभा झाली. आयोजक गावातले पुढारी हंबीरराव. आम्ही बहिरे लोक लांबून येणार म्हणून त्यांनी स्टेजवर दुभाषी ठेवला. दुभाषी म्हणजे त्यांचा भाचा ऋतुराज. काळा शर्ट, पाठ ताठ, अगदी टीव्हीवर असतो तसा. मी खूश झाले. केरबांबद्दल लोक काय म्हणतात ते मला पहिल्यांदाच कळणार होते.

त्याने हात हलवायला सुरुवात केली. फूल. घर. मोठा माणूस. मग काहीच नाही, नुसती बोटे. मग पुन्हा फूल. मोबाईलवर बघून तो तेवढेच शिकला होता. मी गणपतरावांकडे पाहिले तर ते मान हलवत होते, म्हणून मीही हलवली. मी हलवते आहे हे बघून त्यांनी आणखी हलवली. पुढच्या दोन्ही रांगा माना हलवत होत्या आणि एकालाही काही कळत नव्हते.

ऐकणाऱ्यांना हे खोटे वाटेल. आमच्या शाळेत हात बांधून बसावे लागे. बाई ओठ हलवायच्या आणि आम्ही मान हलवायची. नाही हलवली तर पट्टी. ती सवय हाडात गेली आहे. दवाखान्यात, बँकेत, लग्नात आम्ही मान हलवतो. समोरचा माणूस आपल्यासाठी एवढी धडपड करतोय, त्याचा मुखभंग होऊ नये म्हणूनही हलवतो.

शेवटी कृष्णात माईकपाशी आला. बराच वेळ बोलला. मग थांबून माझ्याकडे बघत राहिला. सगळा हॉल माझ्याकडे वळला. ऋतुराजने घर दाखवले, आभाळाकडे बोट केले आणि हात जोडले. मला वाटले, पोरगा बापाला निरोप देतोय. मी हसून मान हलवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कृष्णात रडत येऊन माझ्या पाया पडला, आणि महिनाभरात मस्कतला गेला.

पुढच्या वर्षी मुबशिरा घरी आली. माझ्या शाळेतल्या मैत्रिणीची, कुलसुमची ही मुलगी. तिला ऐकू येते, ती आईच्या हातांवरच वाढली आणि दुभाष्याची पदविकाही रीतसर घेतली. सभेचा व्हिडिओ लावून तिने मला शब्द न् शब्द हातांनी सांगितला. कृष्णात म्हणाला होता:

"आई, तुझी भाषा मला येत न्हाय. तुला लांब कागद वाचाय जड जातंय म्हणून कधी लिवलं पण न्हाय. आज ह्या पावण्यांच्या हातानं इचारतो. मला मस्कतला काम लागलंय. पण आबा गेलं, तू एकटी हाईस. तू हो म्हण, जातो. नको म्हण, हितंच ऱ्हातो तुझ्याजवळ. ल्हानपणी ऱ्हायाचं ऱ्हाऊनच गेलं की गं."

ते बघून मी किती रडले ते लिहीत नाही.

मी त्याला लगेच मोबाईलवर कळवले, की मला तुझा प्रश्न पोचलाच नव्हता. त्याचे उत्तर आले: "आई, व्हिडिओ हाय माझ्याकडं. तू हसून मान हलवलीस. आता मला बरं वाटावं म्हणून असलं काय लिवू नको. तू पाठवलंस, म्हणून मी निवांत हाय." त्याला वाटते, मी त्याची समजूत काढते आहे. आणखी दोनदा लिहिले. तेच उत्तर. मग मी थांबले. पुढे त्याने वर्षाराणीला आणि नातवाला तिकडे नेले.

५. पतसंस्थेतली माझी सर्व ठेव ऋतुराजला द्यावी. वकिलांनी हे वाचून पेन खाली ठेवले. पण मला हेच करायचे आहे. त्या पोराचा मला राग आला होता, अजूनही येतो. मुबशिराला घेऊन मी त्याच्या घरी गेले होते. तो म्हणाला, "काकू, मला मधीच काय सुचंना झालं. हात थांबवलं तर मामाची लाज गेली असती. आन् तुम्ही समदी मान हलवत हुता, मला वाटलं कळतंय." मी त्याची लाज राखत होते आणि तो मामाची. त्याच्यावर ओरडायचे म्हणून गेले होते, चहा पिऊन परत आले. आता त्याला प्रत्येक सभेला बोलावतात. मागे आरोग्य शिबिरातही उभा केला होता, तिथे लोकांना गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगायचे होते. म्हणून अट अशी: या पैशातून त्याने दुभाष्याचा पूर्ण अभ्यासक्रम करावा, आणि पास होईपर्यंत कोणत्याही स्टेजवर चढू नये. त्याची बोटे लांब आणि मोकळी आहेत, शिकला तर चांगले बोलेल. कबूल नसेल, तर ठेव अशा अभ्यासक्रमाला जाणाऱ्या दुसऱ्या कोणाला द्यावी.

६. मुबशिराला काहीच देत नाही. साक्षीदाराला देता येत नाही असे वकील म्हणाले. याचे मला वाईट वाटते.

७. माझी शोकसभा घ्यायची झाल्यास दुभाषी म्हणून मुबशिराने उभे राहावे. तिला उजेडात उभे करावे, बॅनरच्या आड नको. बहिऱ्यांना पुढे बसवावे आणि मधूनमधून सभा थांबवून त्यांना काय कळले ते विचारावे. माना हलल्या तर पुन्हा विचारावे.

८. कोणत्याही सभेत, कार्यालयात वा चित्रीकरणात मी मान हलवलेली दिसली, तर ती माझी संमती समजू नये. मार्च २०२२ च्या सभेलाही हे कलम लागू आहे.

९. कृष्णात, हे कलम तुझ्यासाठी. तुला नेले तेव्हा मला कोणी विचारले नव्हते. लग्न, घर, दवाखाना, सगळे इतरांनीच ठरवले. एवढी मोठी गोष्ट मला विचारणारा तू पहिला, तेही भरल्या सभेत, आणि ते माझ्यापर्यंत आलेच नाही. मोबाईलवरचे तुला पटले नाही. इथे दोन साक्षीदार आहेत, माझी सही आहे, म्हणून इथे लिहिते. तू हे वाचशील तेव्हा मी नसेन, म्हणजे याचा तुला उपयोग नाही. तरी तू विचारले होतेस, आणि विचारणाऱ्याला उत्तर मिळायला हवे.

जाऊ नकोस. माझ्याजवळ राहा.

वरील सर्व मजकूर माझा आहे व मला तो पूर्ण समजला आहे.

ठिकाण: उचगाव, ता. करवीर
दिनांक: १८ फेब्रुवारी २०२५

(सही) तानाबाई केरबा पोवार

तानाबाई यांनी आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली व आम्ही त्यांच्यासमोर केली.

साक्षीदार:
१. (सही) मुबशिरा मीरासाब जमादार, कोल्हापूर
२. (सही) उदयसिंह चव्हाण, शेजारी, उचगाव