बाबांचा डाव

३ मार्च
आजपासून रोजनिशी. कामाला शिस्त हवी.
ताईचा फोन आला. २० तारखेला बाबांना तिच्याकडे नेणार. म्हणाली, तुम्ही दोघं दिवसभर ऑफिसात, परवा ते गॅस चालू ठेवून खाली फिरायला गेले, आता पुरे. बाबांची आठवण थोडी पातळ झालीय, एवढंच. उपाय माझ्याकडे आहे. चाळीस वर्षांपूर्वी त्यांनी स्वतः लिहिलेला बुद्धिबळाचा प्रोग्रॅम. गाण्यांची असते तसल्या कॅसेटवर आहे, तेव्हा प्रोग्रॅम आवाजाच्या रूपात साठवत. तो पडद्यावर दिसला की सगळं आठवेल. मग ताई कशाला नेते!
ज्या कॉम्प्युटरवर लिहिला, तो कधीच मेला. पण त्याच्याहून पाच-सहा वर्षांनी धाकटा असा माझा जुना कॉम्प्युटर माळ्यावर आहे. धाकटा थोरल्याची नक्कल करेल. ही नक्कल करवणाऱ्या प्रोग्रॅमला एम्युलेटर म्हणतात. दोन संध्याकाळचं काम.

५ मार्च
बायको म्हणाली, माझा लॅपटॉप घ्या, त्यावर ही नक्कल दहा मिनिटांत होते म्हणे. तिला सांगितलं, लॅपटॉपवर कोणीही करेल. जुन्याचं मन जुन्यालाच कळतं. ती म्हणाली, हो, रोज बघतेय.

८ मार्च, संध्याकाळी ७
धाकटा सुरू झाला! नंतर नाही झाला. त्याच्या आतला सेल संपलाय. त्यामुळे आपल्याला हार्ड डिस्क आहे, हेच तो दर वेळी विसरतो. दर वेळी नव्याने सांगावं लागतं. न चिडता सांगतो.
बाबांनी मध्येच चारदा विचारलं, आज वार कोणता. चौथ्यांदा मी ओरडलो. कामात व्यत्यय आला की कोणीही ओरडेल.

११ मार्च
एम्युलेटर इंटरनेटवर आहे. धाकट्याला इंटरनेट ठाऊक नाही, त्याला फ्लॉपी लागते. लॅपटॉपला फ्लॉपी ठाऊक नाही. दुरुस्तीवाल्याने बाहेरून जोडायचा ड्राइव्ह दिला, वर दहा फ्लॉप्या. म्हणाला, साहेब, तीन तरी चालतील. दोन चालल्या.
कॅसेट ऐकून घ्यायलाही लॅपटॉपच लागला. फक्त हमालीपुरता. तत्त्व कायम.
बाबा दाराशी आले, काय चाललंय म्हणाले. सरप्राइज आहे म्हटलं आणि दार लावून घेतलं.

१५ मार्च
प्रोग्रॅम उतरला. आता कीबोर्ड. थोरल्याची बटणं धाकट्याशी जुळत नाहीत. कोलन दाबलं की भलतंच चिन्ह उमटतं. बटणांवर चिठ्ठ्या चिकटवल्या.
बायको म्हणाली, बाबा बाहेर एकटेच पट मांडून बसतात. घटकाभर बसा ना समोर. हिला कसं समजावू, हे सगळं त्यांच्यासाठीच तर चाललंय!

१८ मार्च
चालला! जरा सावकाश. थोरला जे एका सेकंदात करायचा, त्याला धाकटा वीस सेकंद घेतो. किरकोळ बाब. अजून दोन दिवस आहेत.

१९ मार्च
वेग वाढवायला गेलो. बंद पडला. पुन्हा पहिल्यापासून.

२० मार्च, सकाळी ९
बाबांना आणून बसवलं. पडदा पाहून हसले. म्हणाले, ह्याला वजिराची फार हाव. म्हणजे आठवतंय! पहिली चाल झोकात खेळले. पडद्यावर आलं: विचार चालू आहे.
पूर्वी विचाराला आठ मिनिटं लागायची, असं बाबाच म्हणाले. आठ गुणिले वीस. गुणाकार आज प्रथमच केला.

९.४०
बाबा म्हणाले, तोवर आपण दोघं बसू या का? मी म्हटलं, पडद्यावरून नजर हलवू नका.

१०.३०
ताई आली. तिला म्हटलं, तास-सव्वा तास थांब, बाबा डावात आहेत. ती म्हणाली, अरे, सतरा दिवस होते तुझ्याकडे. बाबांना चपला तिनेच घातल्या. जाताना बाबा पडद्याकडे बघत म्हणाले, घाई करू नकोस त्याला.

११.४०
धाकट्याने चाल केली. प्यादं. ताबडतोब फोन लावला. ते गाडीतच होते. बाबांना सांगितलं. खूश झाले. म्हणाले, आता पुढची माझ्या वतीने तूच खेळ.
मी कधी शिकलोच नाही, हे त्यांना आठवत नसावं.