कुणाला घरी पाठवायचं

फरीदाबाद
फेब्रुवारी, थंडी ओसरताना

प्रिय सुधन्वा,

फोनवर तुला काही सांगायचं म्हणजे इथून मी ओरडायचं, तिथे हेमलतावहिनींनी तेच तुझ्या कानात पुन्हा ओरडायचं आणि सांगलीतल्या तुमच्या गल्लीने फुकटात ऐकायचं. हे गल्लीसाठी नाही, म्हणून लिहितोय. वहिनींनी वाचलं तरी चालेल, पण आधी तू वाच. गेल्या महिन्यात तू विचारलंस, माझी इशिता तुझ्या दवाखान्यात कशी बसते, पेशंट पोरीचं ऐकतात का. मी म्हणालो, कारखान्यात लाइट गेलीय, नंतर बोलू. लाइट खरंच गेली होती यार, पण असती तरी उत्तर जमलं नसतं.

दवाखाना सोडून तुझं सांगलीला जाणं मला अजून पटलेलं नाही. स्टेथोस्कोप लावून छातीतली शिट्टी ऐकू येईना म्हणालास आणि सरळ खुर्ची सोडलीस. आमच्याकडे ज्याचे कान जातात तो युनियनचा लीडर होतो. पण तू तसलाच. दवाखान्याची खोली माझ्या घराच्या तळमजल्यावरची, मधे प्लायवूडची भिंत आणि पलीकडे माझं ऑफिस, त्यामुळे तुझी सगळी प्रॅक्टिस माझ्या कानांवरून गेलीय. बेअरिंग जाणार असेल तर मला मशीनच्या आवाजावरून आधी समजतं, त्यावरच तर मी हेल्परचा मालक झालो. तसंच तुझ्या 'हूं'वरून मला कळायचं. आखूड 'हूं' म्हणजे ताक पी आणि घरी जा. लांब 'हूं' म्हणजे आत्ताच्या आत्ता सिव्हिलला. बहुतेक सगळे आखूडवालेच असायचे. माझी सरला म्हणायची, भावजी औषध कमी देतात आणि माणसं परत जास्त पाठवतात, यांचं चालतं कसं.

इशिताची इंटर्नशिप संपेपर्यंत खोली बंद राहू नये म्हणून मी काही नवी डॉक्टर पोरं आणून बसवली, ते तुला माहीत आहे. पोरं वाईट नव्हती. पण प्रत्येक जण जणू स्टेशनवर गाडीची वाट बघत बसलेला. 'अंकल, रँक येईपर्यंतच हं.' एक जण पेशंट समोर असताना टेबलाखाली मोबाइलवर पीजीच्या प्रवेशपरीक्षेचे प्रश्न सोडवायचा. पेशंट सांगतोय पाय सुजलेत, हा म्हणतोय अच्छा अच्छा, आणि अंगठा चाललाय पर्याय क वर. मी एकदा विचारलं, बेटा, इथेच राहायला काय हरकत आहे? तर म्हणाला, अंकल, लग्नाच्या कार्डावर काय छापायचं, नुसतं एमबीबीएस?

मला वाटलं हा एकट्याचा आजार असेल. मग संक्रांतीला महाराष्ट्र मंडळाची बस पानिपतला, काला अंबला गेली. दरवर्षी हरलेल्या लढाईला डबे बांधून जाणारे आपणच. तू नव्हतास, त्यामुळे बस लागून कुणाला उलटी झाली की कुणाच्या नावाने हाक मारायची तेच कळेना. माझ्या मागच्या सीटवर दिल्लीच्या कस्तुरबा गांधी मार्गावरच्या ऑफिसातल्या दोन बायका बोलत होत्या. एक म्हणाली, आमचा वेदांत अजून एमबीबीएसच आहे हो. दुसरीचा आवाज एकदम हळू झाला. म्हणाली, होईल, होईल, काळजी नका करू. घरात पोरगा डॉक्टर झालाय आणि सांत्वन चाललंय. मी खिडकीबाहेर ऊस बघत बसलो.

पण आपली इशिता वेगळी, या भरवशावर आपण दोघे होतो. तुझ्या स्टुलावर बसून गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्यांशी खेळलेली पोर. अ‍ॅडमिशन मिळाली तेव्हा सगळ्या सेक्टरला तू पेढे वाटलेस आणि म्हणालास, माझी खुर्ची गरम ठेवतो. पहिल्या वर्षी ती घरी आली की तुझ्याच गोष्टी सांगायची. मग हळूहळू भाषा बदलली. 'पेशंट' जाऊन 'केस' आलं, 'चांगली केस' म्हणजे जी लवकर बरी होणार नाही ती. सुट्टीत एकदा जेवताना सहज म्हणाली, बाबा, आमचे सर वर्गात झोपलेल्याला उठवून सांगतात, अभ्यास नाही केलास तर कोपऱ्यावर दुकान टाकून ताप बघत बसशील. सगळा वर्ग हसतो. मी विचारलं, तूही हसतेस? ती पोळी मोडत राहिली. ज्या गोष्टीसाठी पोर घरातून निघाली होती, तीच तिथे शिक्षा म्हणून सांगत होते, रोज. आणि गावाकडच्या आरोग्य केंद्रातली ड्यूटी म्हणजे तिथे जाऊन सही करायची आणि परत येऊन लायब्ररीत जागा धरायची. सगळेच करायचे. न करणारा मागे पडायचा.

तरी ती आली, सुधन्वा. दिवाळीनंतर आली, खोलीला स्वतः रंग दिला आणि बसली. भिंतीपलीकडे मी कान लावून. पहिल्या दिवशी आमच्या पॅकिंगमधली सुमित्रा आली, डोकं दुखतंय म्हणून. तू तिला विचारायचास, गावाहून सासू आलीय का. इशिताने अर्धा तास तपासलं, अगदी मन लावून, आणि सीटी स्कॅन लिहिला. मग दुसऱ्याला रक्ताच्या तपासण्या, तिसऱ्याला पोटाची सोनोग्राफी. हुशारीत काही कमी नव्हती, पण आखूड 'हूं' काही ऐकू येईना. सुमित्रा बाहेर बाकावर म्हणाली, बिटिया तो बहुत अच्छी है, पर डर जाती है, और फिर हमको भी डर लगता है. त्यानंतर बाक रिकामा होत गेला.

मग त्या सुमित्राचीच नात आली, तापाने फणफणलेली. त्या दिवशी इशिताने हिंमत केली. म्हणाली, व्हायरल आहे, घरी घेऊन जा, पाणी पाजत राहा. मला इतकं बरं वाटलं की मी चहा मागवला. पण ती चहाला आली नाही. जेवली नाही. दुपारी चप्पल घालून निघाली, मी स्कूटर काढून मागे. सुमित्राच्या गल्लीत, तिच्या दारासमोर ही उभी. पोरगी आत खाटेवर बसून कुरकुरे खात होती. सुमित्रा गोंधळून बाहेर आली, डॉक्टर साहिबा, कुछ गलत हो गया क्या? काहीच झालं नव्हतं. निदान बरोबर होतं, सल्ला बरोबर होता. इशिता भिंतीला टेकली आणि रडायला लागली.

घरी आल्यावर ती जे बोलली ते तुला जसंच्या तसं सांगतो, कारण आपल्यापैकी कुणी हा विचारच केला नव्हता. म्हणाली, बाबा, वॉर्डात येतो तो आधीच आजारी म्हणून ठरलेला असतो. इतकी वर्षं मी फक्त ठेवून घेतलेली माणसं बघितली. जो बरा आहे, ज्याला काही झालेलं नाही, असा माणूस मला कुणी दाखवलाच नाही. कुणाला घरी पाठवायचं ते मी कुठून ओळखू? काका ओळखतात, कारण ते चाळीस वर्षं चुकत चुकत शिकले. मला चुकायची भीती वाटते, आणि बरोबर ठरले तरी भीती जात नाही. मी म्हणालो, होईल सवय. ती म्हणाली, सवय होईपर्यंत कुणाच्या पोरीवर चुकायचं?  

खोलीचं शटर आता खाली आहे. एक लॅबवाला रक्ताचे नमुने घ्यायला जागा मागतोय, रोज येतो. सुमित्रा मेडिकलवाल्याच्या काउंटरवर उभी राहून गोळ्यांची पट्टी घेते. आणि दामू, माझा जुना फोरमन. तू दर महिन्याला त्याचा मोजा काढायला लावून पाय बघायचास, तो चिडायचा. आता शुगरला एक मोठा डॉक्टर, बीपीला दुसरा, डोळ्यांना तिसरा, सगळे काचेच्या इमारतीत, सगळे नावाजलेले. मोजा कुणीच काढला नाही. जानेवारीत त्याच्या पायाचा अंगठा कापावा लागला. हॉस्पिटलात मला म्हणाला, डॉक्टरसाहेबांना सांगू नका, वाईट वाटेल त्यांना. मी सांगतोय, कारण वाईट वाटून घ्यायला आता आपण दोघेच उरलोय. वेदांत, तो मोबाइलवाला, आपली पोर, सगळे गुणी. हजारोंनी तयार होतायत आणि आमच्या सेक्टरला एक मिळत नाही. दोष कुणाच्या नावाने लिहू? कारखान्यात माल एकसारखा वाकडा निघाला तर मी कारागिराला शिव्या देत नाही, डाय, म्हणजे साचा, उघडून बघतो. इथे डाय कुणाच्या ताब्यात आहे तेच मला कळत नाही.

आता हे सगळं आजच का लिहिलं, ते सांगतो. येत्या रविवारी इशिता तुला व्हिडिओ कॉल करणार आहे. तिला पीजीला रेडिओलॉजी मिळालीय, दक्षिणेतल्या एका चांगल्या कॉलेजात. घरात सरला नाचतेय, नातेवाइकांचे फोन थांबत नाहीत, इशिताने सगळ्यांना सांगितलं, फक्त तुला नाही. रोज गच्चीवर जाऊन वाक्य पाठ करते, जिन्यात मला ऐकू येतं : काका, तुम्ही रागावलात तरी चालेल. तू रागावणार नाहीस. तू गप्प होशील, आणि ते तिला झेपणार नाही. म्हणून पाया पडतो, ती बोलायच्या आधी तूच बोल. वहिनींना सांग, श्यामचं पत्र आलं, बातमी कळली. अभिनंदन म्हण, मोठ्याने म्हण. रेडिओलॉजीत किती अडलेली निदानं सुटतात ते सांग, खोटं नाही ते. दवाखान्याचं नाव तिने काढलं तर म्हण, ती खोली श्यामलाच हवी होती, लोभी आहे तो पहिल्यापासून. ती हसेपर्यंत बोलत राहा. कॉल संपला की मग तुला काय वाटायचं ते वाटू दे.

तुझाच,
श्याम