बाबांचा खालचा सूर आणि तुम्ही पाठवलेली डबी

आदरणीय गेदेवानकाकांस,

पुतण्या करामानचा नमस्कार. (नमस्कार रीत म्हणून केला आहे. राग खाली येतोच आहे.) तुमचा गुडघा, तुमचा रक्तदाब आणि तुमचे जर्मन डॉक्टर हे तिघेही ठणठणीत असोत. इकडे आम्ही खुशाल आहोत. गाय आटली, हेझलनटच्या झुडपांना पुन्हा किडे लागले आणि तुमची सून लामारा माझ्याशी फक्त कामापुरतं बोलते, एवढं सोडलं तर घरात आनंदीआनंद आहे. पत्र पार्सलवाल्या गाडीबरोबर पाठवतो आहे, कारण फोनवर तुम्ही विषय बदलता. कागदावर तुम्हाला तो बदलता येणार नाही.

तर ती कॅसेट. बाबांच्या जुन्या कोटाच्या खिशात सापडली, हे मी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही जर्मनीला निघालात त्याच्या आदल्या दिवशीच्या मेजवानीतलं गाणं आहे तिच्यावर: वरचा सूर शेजारच्या एर्मिलेचा, मधला तुमचा, खालचा बाबांचा. बाबांना जाऊन चार वर्षं झाली आणि त्यांचा आवाज या जगात दुसरीकडे कुठेही नाही. (फोटो आहेत सतरा. सतराही फोटोंत तोंड मिटलेलं.) लामाराने शाळेतल्या संगणकावरून ती उतरवून आपल्या लॅपटॉपवर आणली. मी हेडफोन लावले आणि ऐकतो तर काय, एर्मिले किंचाळतोय, तुम्ही मध्ये गुणगुणताय, आणि खाली नुसती खरखर! एर्मिलेला ऐकवलं. म्हातारा शांतपणे म्हणाला, "तुझा बाप पार्मेन त्या दिवशी गायलाच नाही रे." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पार्मेन गायला नाही? ज्याच्या खालच्या सुराने मेजावरचे पेले हलायचे, तो?

म्हणून तुम्हाला फोन केला. तुम्ही त्या मेजावर बाबांच्या शेजारी बसला होतात, कोपराला कोपर लावून. दोनदा विचारलं, बाबा गायले की नाही? दोन्ही वेळा तुम्ही खोकलात आणि म्हणालात, "लॅपटॉपचा स्वतःचा आवाज भिकार असतो, करामान. मी तुला एक डबी पाठवतो." एका शब्दाचं उत्तर होतं काका! तुम्ही त्याच्याऐवजी यंत्र पाठवलंत.

डबी आली. काड्यापेटीच्या निम्मी, एका बाजूला शेपटी, दुसऱ्या बाजूला हेडफोनचं भोक. शेपटी लॅपटॉपला लावायची, म्हणजे लॅपटॉप आवाज स्वतः न बनवता कच्चा माल डबीला देतो आणि डबी त्याचा आवाज करते, असं तुमच्या चिठ्ठीत होतं. ठीक. पण घरात नवी वस्तू आली आणि तिच्या नावाने पेला उचलला नाही, असं आपल्याकडे झालंय कधी? मेज मांडलं. एर्मिलेला मेजप्रमुख केलं. त्याने डबीला दीर्घायुष्य चिंतलं, मग डबी बनवणाऱ्यांच्या आयांना, मग तुम्हाला (मी अर्धाच पेला प्यायलो), मग गेलेल्यांना. मग मी हेडफोन चढवले आणि गाणं लावलं.

काका, काय सांगू! खालचा सूर असा आला की माझ्या दाढा थरथरल्या. भरदार, गोल, अगदी बाबांचा. मी रडलो. रडत रडत एर्मिलेला म्हणालो, "ऐक, खोटारड्या!" त्याने हेडफोन लावले, डोळे मिटले, मी तळघरातून वाइन आणेपर्यंत सगळं गाणं ऐकलं आणि म्हणाला, "मला तर नुसता वरचाच सूर ऐकू येतोय. पण फार सुंदर आहे." मी त्याला बहिरा म्हणालो. तो मला दारुडा म्हणाला. आणि आईवडिलांच्या नावाचा पेला व्हायच्या आधी तो मेजावरून उठून गेला. मेजप्रमुख स्वतः! आपल्या गावात यावरून सोयरिकी मोडल्या आहेत. अकरा दिवस आम्ही एकमेकांचं तोंड पाहिलं नाही आणि अकरा दिवस मी रोज जेवणानंतर बाबांना ऐकत बसलो.

बाराव्या दिवशी लामारा खोलीत आली. भांडं खाली ठेवलं, कमरेवर हात ठेवला आणि म्हणाली, "अहो, गाणं लॅपटॉपच्या तोंडातून येतंय. हेडफोन मुके आहेत. आणि खालचा सूर तुम्ही स्वतः लावताय, रोज, पुरं गाव ऐकेल इतक्या मोठ्याने."

तपासलं, तर खरं! दोन सूर कानावर पडले की तिसरा आपोआप गळ्यातून निघतो, हा आपला जन्माचा रोग. त्यात पोटात वाइन (पहिल्या वेळी नव्हती) आणि कान झाकलेले, त्यामुळे स्वतःचाच आवाज डोक्यात घुमतो. मी अकरा दिवस माझ्याच आवाजावर रडत होतो. (एर्मिले त्याच्या. म्हणून तर "फार सुंदर".) डबीला कळवावं लागतं म्हणे, कोपऱ्यातल्या कर्ण्याच्या चित्रावर टिचकी मारून यादीतून तिचं नाव निवडायचं. हे तुमच्या चिठ्ठीत का नव्हतं? "थंडीत जप" एवढं लिहायला जागा होती! लामाराने टिचकी मारली. आवाज पूर्ण वर होता. एर्मिले माझ्या कवटीत असा किंचाळला की मी खुर्चीसकट मागे पडलो आणि आजिकाची, आपल्या त्या लाल तिखट चटणीची, बरणी फुटली.

मग मी एर्मिलेच्या फाटकाशी गेलो आणि माफी मागितली. ते कसं झालं हे मी लिहिणार नाही. दोघे बसलो, एक कान त्याला, एक मला. गाऊ नये म्हणून लामाराने दोघांच्या तोंडात म्चादीचे, त्या आपल्या मक्याच्या भाकरीचे, असे तुकडे कोंबले की श्वास घेणं मुश्किल. तुमची डबी चांगली आहे, काका. हे लिहिताना हात जड झाला, पण आहे. खरखर गेली. बाटलीतून वाइन ओतल्याचं ऐकू आलं, कुणाच्या तरी खुर्चीचं करकरणं, तुमच्या सुरातला कंप. आणि खाली, जिथे बाबा असायला हवेत, तिथे नुसता श्वास. नाकातून, जोरजोरात. फाटक कुणी उघडं टाकलं की ते असा श्वास घ्यायचे. सगळं गाणंभर ते रुसून बसले आहेत. तुम्ही जाताय म्हणून.

आणि मग अगदी शेवटच्या सुराला ते आले. एकच सूर. तो खाली लागताच वरचे तुमचे दोघांचे सूर एकदम सरळ झाले, ऐकू येतं ते. नंतर पेला मेजावर ठेवल्याचा आवाज, आणि बाबा म्हणतात, "आता जा."

एर्मिलेने तोंडातली भाकरी काढली आणि म्हणाला, "हे मला कधी ऐकूच आलं नव्हतं. मी वर ओरडत होतो ना." पण तुम्हाला आलं होतं. तुम्हाला बावीस वर्षं माहीत होतं आणि तुम्ही मला डबी पाठवलीत! तीन वर्षांसाठी जातो म्हणालात, बाबांच्या मातीलाही आला नाहीत. कागदपत्रं नव्हती, ठाऊक आहे मला. तरी मी रागावलो आहे आणि रागावलेलाच राहणार आहे. काकूला नमस्कार सांगा, तिच्यावर राग नाही.

तुमचा (सध्या नाइलाजाने) पुतण्या,
करामान

ता. क. डबी याच पार्सलमध्ये, लोकरी मोज्यात गुंडाळून परत पाठवतो आहे. मला तुमचं काही नको.

ता. क. २. पार्सल पुन्हा उघडलं. मोज्यात आता अक्रोड आहेत. डबी इथेच राहील, मला तो शेवटचा सूर रोज ऐकावा लागतो.

ता. क. ३. आता तुमची कागदपत्रं झाली आहेत, काकूने लामाराला सांगितलं. द्राक्षं उतरवायला या. एर्मिले अठ्ठ्याहत्तरचा आहे, त्याचा वरचा सूर अजून लागतो. पुढच्या वर्षी लागेल का, हे त्याला विचारायची माझी हिंमत नाही. खालचा मी सांभाळतो, पण मधल्याशिवाय आम्ही दोघे नुसते लांबून एकमेकांना हाका मारल्यासारखे गातो. राग गेलेला नाही. पण मी बाबांसारखा रुसून बसणार नाही, काका. तुम्ही नुसते मेजावर येऊन बसा, मी पहिल्याच सुराला येतो.