खाली ठेवायची खूण

प्रिय ताई,

हे पत्र लिहायला बसायची ही चौथी खेप. पहिल्यांदा पेन चालेना, दुसऱ्यांदा पेन चालत होतं पण मीच चालेना, आणि तिसऱ्यांदा 'बाबांची तब्येत ठीक आहे' एवढं लिहून झालं नि ते वाक्य इतकं खोटं दिसलं की कागद फाडून टाकला. फोन केला असता, पण तू 'बोल रे भिंगरी' म्हणालीस की माझी दातखीळ बसते. उद्या सकाळी सेटवरची गाडी तुझ्या बाजूला सामान आणायला जाणार आहे. ड्रायव्हरकाका हे तुझ्याच हातात देतील. शुद्धलेखनाकडे बघू नकोस, ते शाळेतच राहिलं.

तू पाठवलेली रबरी चटई मिळाली. न्हाणीघरात टाकली. बाबा रोज तिच्यावर उभे राहून एका हाताने आंघोळ करतात, उजवा हात गळ्यात अडकवलेला. मला त्या चटईकडे बघवत नाही. का, ते सांगायलाच बसलोय, पण सरळ रस्त्याने मी कधी कुठे पोचलोय?

आधी बाबांच्या कामाचं सांगतो, कारण तू फक्त पडद्यावरचे बाबा बघितलेस, आणि तेही डोळ्यांवर हात ठेवून. पहिली दहा वर्षं त्यांनी नुसता मार खाल्ला ना! देशासाठी वजनं उचललेला माणूस, आणि त्यांच्या मांडीएवढ्या नायकाची एक चापट बसली की तीन टेबलं मोडून पलीकडे. मी एकदा विचारलं होतं, एवढ्याशा माणसाच्या हातून पडता तरी कसे? तर म्हणाले, उभं राहण्यापेक्षा पडायला जास्त ताकद लागते बाळा, आणि वर समोरच्याचं कौतुकही करावं लागतं. मग केस पिकले आणि कामं बदलली. तुरुंगाधिकारी, बोटीवरचा स्वयंपाकी, नायिकेचा अबोल मामा. अबोल अशासाठी की वाक्य पाठ करणं म्हणजे त्यांना दीडशे किलोपेक्षा जड. दोन वाक्यं असली तरी सकाळपासून पुटपुटत असतात. परवापरवापर्यंत चहावाल्यालाही 'साहेब, कैदी पळाला' असंच म्हणायचे. तो बिचारा म्हणायचा, पळू द्या काका, साखर किती घालू?

मी त्यांच्याबरोबर राहायला लागलो त्याला दीड वर्ष झालं. माझ्या हिशेबाने हा विक्रम आहे. बेकरी पाच महिने, बोटींना रंग द्यायचं काम तीन, मधमाश्यांच्या पेट्या नऊ दिवस (मी टिकलो असतो, मधमाश्यांनाच मी पटलो नाही). तेव्हा तूच बाबांना सांगितलंस की याला बरोबर न्या, आणि मला बाजूला घेऊन म्हणालीस, त्यांच्यावर लक्ष ठेव, त्यांना जड उचलू देऊ नकोस. मी मान डोलावली होती. मान डोलवण्यात मी पहिल्यापासून हुशार.

सेटवर माझं काम एकच होतं. खूण करायची. तुला माहीतच आहे, वजन डोक्यावर धरलं की पंच खूण करेपर्यंत ते खाली टाकायचं नसतं. बाबांनी त्या शेवटच्या मोठ्या स्पर्धेत ते अर्ध्या श्वासाने आधी टाकलं आणि आयुष्यभराचं पदक गेलं. घरात आपण तो विषय काढत नव्हतो, पण भरलेली बादलीसुद्धा ते आई 'ठेवा' म्हणेपर्यंत धरून ठेवायचे, आठवतं? आई चिडवायची, ठेवा हो, पंच झोपलेत. सेटवर 'कट' म्हणून चार जण चार बाजूंनी ओरडतात, त्यात त्या स्फोटाच्या दृश्यापासून त्यांचा डावा कान गेलेला. म्हणून आमची पद्धत ठरली. मी कॅमेऱ्याच्या डावीकडे हात वर करून उभं राहायचं, कट झालं की हात खाली. माझा हात खाली आला की बाबा सोडणार. इतर कुणाचंही ऐकणार नाहीत.

या चित्रपटात ते गॅरेजवाले आहेत. छत कोसळतं, खाली नायक अडकतो, आणि ते लोखंडी तुळई डोक्यावर पेलून धरतात. तुळई पोकळ होती. बाबांनी स्वतः तिच्यात वाळू भरून घेतली. म्हणाले, खोटं वजन उचललं की खांदे खोटं बोलतात. चाळीस किलो. मी दिग्दर्शिकाबाईंना सांगायला हवं होतं की ताईने मनाई केलीय. मी नाही सांगितलं. आणि तेवढंच असतं तर, ताई, मी पहिल्याच खेपेला पत्र पुरं केलं असतं.

त्या दुपारी मागच्या अंगणात आरशांचा ट्रक आला होता. पुरुषभर उंचीचे आरसे, दोन माणसं एकेक उतरवून भिंतीला टेकवत होती, आणि प्रत्येकात आकाशाचा वेगळा तुकडा. एकात ढग, एकात विजेची तार, एकात नुसतंच निळं. मी म्हटलं, तयारीला वेळ आहे, एवढा एक बघून येतो. मग आणखी एक. परत आलो तेव्हा आत आरडाओरडा चालला होता. कट होऊन गेलं होतं, दोन माणसं तुळई धरायला सरसावली होती, आणि बाबा सोडत नव्हते. मी हात वर करून लगेच खाली आणला, पण तोवर त्यांच्या खांद्यातून जाड कापड फाटावं तसा आवाज आला होता. तुळई मागे पडली. कुणाला लागलं नाही, असं सगळे म्हणाले.

न्हाणीघरात पाय घसरला, हे बाबांनी तुला मुद्दाम सांगितलं. बाईंना वेगळं सांगितलं, की पोराने खूण केली होती, माझंच लक्ष नव्हतं. खरं बोलले असते तर मला त्याच दिवशी सेटवरून काढलं असतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी कुठेतरी टिकलोय. सतरा दिवस झाले. त्यांनी मला एका शब्दानेही विचारलं नाही. त्यांना माहीत आहे, त्यांना माहीत आहे हे मलाही माहीत आहे, आणि आम्ही दोघं मिळून न्हाणीघराच्या फरशीला शिव्या घालतो.

आता का लिहितोय ते सांगतो. डॉक्टर म्हणाले, खांद्याचा स्नायू फाटलाय, शस्त्रक्रिया लगेच करा, पुन्हा वजन उचललंत तर हात जेवायच्याही कामाचा राहणार नाही. आणि बाबांनी बाईंना शब्द दिलाय, आपल्यामुळे दृश्य बिघडलं म्हणून गुरुवारी पुन्हा तुळई उचलणार. शस्त्रक्रिया नंतर. मी अडवू बघतो, पण अडवायचं तर आधी 'मी तिथे नव्हतो' असं म्हणावं लागतं आणि तिथेच जीभ अडते. तू बुधवारपर्यंत ये. तुझं ते ऐकतात. आल्यावर मला काय बोलायचं ते बोल, पण आधी त्यांना

थांब, दार वाजलं.

ताई, दिग्दर्शिकाबाई आल्यात. कधी कुणाच्या घरी न जाणारी बाई, बाहेरच्या खोलीत आपल्या मोडक्या खुर्चीवर बसून बाबांना लॅपटॉपवर त्या दिवसाचं चित्रण दाखवतायत. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघितलं. तुळई डोक्यावर, आणि बाबा डावीकडे बघतायत, जिथे कुणी नाही. पुन्हा बघतात. पुन्हा. बाई म्हणतायत, गुरुवारचं रद्द, हेच ठेवणार, ही नजर मला हजार वेळा सांगूनही कुणाकडून मिळाली नसती, काका, कुणाची वाट बघत होतात हो? बाबा उठले. चहाचं निमित्त काढून आत आलेत, डाव्या हाताने पातेलं शोधतायत, माझ्याकडे बघणं टाळतायत. पातेलं मी काढून देतो, आणि बाहेर जाऊन बाईंना सांगतो की ते कुणाकडे बघत होते. तू तरीही ये.

तुझाच,
भिंगरी